वलगावला एक चेहरा घडवायला गेलो होतो

वऱ्हाडात जायचं कसं, असं हल्ली मला जो तो विचारतो. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला आहे, आणि मुंबईत कालपर्यंत ज्याला कल्याणच्या पुढचं ठाऊक नव्हतं तोही खामगाव, अकोला, अमरावती अशी नावं घडाघडा म्हणून दाखवतो. मी नुकताच तिकडे जाऊन आलो. कापसासाठी नव्हे, एका चेहऱ्यासाठी. वाटेची माहिती सांगतोच, पण ती त्या चेहऱ्यापासून सुटी करून सांगता येत नाही. ज्यांना नुसती माहिती हवी त्यांनी मधलं सोडून द्यावं.

आधी माझ्याबद्दल. माझे वडील टाक ठोकायचे. टाक म्हणजे देवघरात ठेवायचा चांदीचा छोटा पत्रा, त्यावर घरातल्या गेलेल्या पुरुषाची उठावाची आकृती. घोडा, घोड्यावर माणूस, हातात तलवार. वडिलांकडे साचा एकच होता. लोक यायचे, गेलेल्या माणसाची सगळी हकिगत सांगायचे, रडायचे. वडील तास तास ऐकायचे आणि शेवटी सर्वांना तोच घोडेस्वार ठोकून द्यायचे. गेलेला माणूस जन्मात घोड्यावर बसलेला नसला तरीसुद्धा! मला याची लाज वाटायची. म्हणून मी मुंबईतच एका गोऱ्या मास्तरांच्या हाताखाली मातीचे चेहरे करायला शिकलो. समोर माणूस बसवायचा, कंपासाने नाक-कान मोजायचे, आणि हुबेहूब तोच माणूस मातीतून काढायचा. मी ते चांगलं करतो आणि चांगलं करतो हे सांगतही फिरतो. इथेच घात झाला.

एका कापसाच्या दलालामार्फत निरोप आला. अमरावतीजवळ वलगावचे आबाजी पाटील. त्यांचा एकुलता मुलगा माणिक गेल्या वर्षी कापसाच्या गाड्यांबरोबर निघाला आणि वाटेत पटकीने गेला. त्याचा चेहरा करून हवा होता, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. घरी येऊन यशोदेला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं.

"तुम्ही त्याला पाहिलंय?"

"नाही."

"तसबीर आहे?"

"नाही."

"मग चेहरा कुणाचा करणार?"

"घरचे सांगतील तसा," मी म्हणालो. आणि साचा घ्यायचं प्लास्टर पोत्यात भरायला लागलो.

आता वाट. आगगाडी सध्या भुसावळपर्यंत जाते. पुढे रुळांसाठी मातीचे भराव घालणं चाललंय, पण त्याचा प्रवाशाला उपयोग धुळीपुरताच. भुसावळला उतरलात की गाडी ठरवायला धावू नका. या मोसमात कापसाने भरलेल्या बैलगाड्या वऱ्हाडातून इकडे येतात आणि रिकाम्या परत जातात. परतीच्या गाडीवानाला चार आणे मिळाले तरी तो खूश असतो. तीच सवारी जर तुम्ही वऱ्हाडातून इकडे यायला मागितलीत, तर तुमच्या वजनाइतका कापूस केवढ्याला विकला गेला असता याचा हिशेब तो तुम्हाला ऐकवतो. ऊन इतकं असतं की गाड्या पहाटे सुटतात, दुपारी झाडाखाली पडतात आणि उन्हं कलल्यावर पुन्हा चालू लागतात. भाकरी, कांदा आणि ठेचा बरोबर ठेवा. आणि स्वतःचा तांब्या. या रस्त्यावर पटकीने माणसं गेली आहेत. मी तर पाणी दुहेरी फडक्यातून गाळून, वर देवाचं नाव घेऊन पीत होतो, तरी प्रत्येक घोटानंतर पोटावर हात ठेवून पाहायचो.

मला मिळालेला गाडीवान अकोल्याचा होता. दौलत. तिशीचा, काळासावळा, बैलांशी भरपूर आणि माणसांशी बेताचं बोलणारा. खानदेश ओलांडायच्या आत एका गावाबाहेर मोठा निंब लागला. शेजारी विहीर, दाट सावली. पुढच्या मागच्या सगळ्या गाड्या तिथे थांबल्या. आमची मात्र थांबली नाही.

"अहो दौलतराव, बारा वाजले. बैलांना तरी सावली द्या!"

"पुढं हाये झाड," तो म्हणाला.

पुढे कोसभर एकही झाड नव्हतं. माझं डोकं भणभणायला लागलं आणि मी त्याला मनातल्या मनात बरंच काही बोललो. तो वाटभर बैलांच्या शिंगांकडे पाहत होता.

मलकापूर, नांदुरा करत तिसऱ्या दिवशी दुपारी खामगाव. खामगाव पाहण्यासारखं आहे, पण दिसतं मात्र हवेत उडणाऱ्या कापसाच्या तंतूंतून. रस्त्यावर कापूस, छपरांवर कापूस, लोकांच्या मिशांत कापूस. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा पाहिल्या. तिथे गाडीतळावर मी भाकरी खाता खाता सहज म्हणालो की मी वलगावला माणिक पाटलाचा चेहरा करायला चाललोय. म्हटलं, कुणी ओळखणारा निघाला तर बरंच.

ओळखणारे निघाले, पण ते पाच-सहा! एक म्हणाला माणिक ताडासारखा उंच होता. दुसरा म्हणाला, छे, बुटका, पण अंगाने पहिलवान. तिसऱ्याने सांगितलं की तो पटकीने गेलाच नाही, पूर आलेल्या नदीत बैल वाचवायला उतरला होता. चैत्रात पूर कुठला, असं मी विचारलं तर सगळे माझ्याकडे रागाने बघायला लागले. वर्षभरात त्या पोराची गोष्ट झाली होती, आणि गोष्टीला प्रत्येकाने आपापले नाक-डोळे लावले होते. मी भाकरी परत फडक्यात बांधली. जसजसं वलगाव जवळ येत होतं तसतसा तो चेहरा पुसट होत चालला होता.

दौलत मात्र गप्प बसला होता. गाडी पुन्हा चालू लागल्यावर, बाळापूरच्या वाटेवर, तो आपण होऊनच बोलला.

"थो काई पहिलवान गिहिलवान नव्हता. साधा पोरगा होता. बम हसवे. बैल अडला का बैलाले म्हने, 'काहून रे बापू, सासरवाडी याद आली का?'"

हे म्हणताना दौलतने डावी भुवई उचलली आणि खालचा ओठ जरासा पुढे काढला. बोलणं संपलं, ओठ परत जागेवर गेला. तेव्हा मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी गाडी थांबली. किल्ल्याच्या भिंतीची सावली पाण्यावर होती, बायका धुणं धूत होत्या. मी उतरून सामान मोजत होतो, प्लास्टरचं पोतं ओलं तर झालं नाही ना म्हणून सारखा चाचपत होतो. दौलतने बैल सोडले आणि माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"मी होतो त्याच्यासंग," तो म्हणाला.

त्याने सांगितलं ते असं. तो निंब, जिथे आमची गाडी थांबली नाही, तिथेच माणिकला पटकी झाली होती. बरोबरच्या गाड्यांत घबराट उडाली. दोन दिवसांत बाजार गाठायचा होता. सगळ्यांनी ठरवलं, याला निंबाखाली ठेवू, गावात सांगून जाऊ. अकराव्या दिवशी परत आले तर निंबाखाली कोणी नव्हतं. गावातले म्हणाले, आम्हाला ठाऊक नाही. कुणी म्हणालं पुरला, कुणी म्हणालं उठून गेला.

"आमी आबाजीले सांगलं, त्याच्या उशाशी पान्याचं मडकं भरून ठेवलं होतं." दौलत नदीकडे बघत म्हणाला. "मडकं ठेवाचं माया अंगावर होतं. घाईत नाई ठेवलं, भाऊ. थो पानी पानी करून राहिला होता, अन् मी गाडी हाकलली."

मला खरं तर त्याचा राग यायला हवा होता. मला भीती वाटली. हे ओझं आता मी वलगावला घेऊन जाणार होतो.

अकोल्याहून दुसरी परतीची गाडी मिळाली. मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती, चार दिवस. मूर्तिजापूरच्या पुढे दुपारच्या सुट्टीत शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी मिळाली. पोट बिघडलेलं असूनही मी तीन खाल्ले. अमरावतीला तटाच्या दरवाजांपाशी गाड्यांची अशी दाटी असते की आत शिरायला अर्धा दिवस जातो. ज्यांचं काम बाहेर आहे त्यांनी आत शिरण्याच्या फंदात पडू नये. मी अंबादेवीला बाहेरूनच हात जोडले, चेहरा जुळू दे म्हणालो, आणि वलगावची वाट धरली. आखाजीला सहा दिवस राहिले होते.

आबाजी पाटील साठीचे, वाळलेले, मोठ्या हातांचे. घरात नवी पितळी भांडी चकाकत होती, गोठ्यात नवे बैल होते आणि ओसरीवर पळसाच्या देठांच्या जुड्या पडल्या होत्या. मी समजलो, पत्रावळी लावायच्या असतील. आबाजींनी मला बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि कशासाठी बोलावलं ते सांगितलं. मला वाटत होतं, चेहरा घरात ठेवायचा असेल. कोनाड्यात, हार-बीर घालून.

तसं नव्हतं. मृत माणसाचं शरीर मिळालं नाही तर पळसाच्या तीनशे साठ देठांचा माणूस बांधून त्याला अग्नी देतात. त्यानंतर तो पितरांत जातो. आणि पितरांत गेला तरच आखाजीला पितरांसाठी जी पाण्याची घागर भरतात, तिचं पाणी त्याला मिळतं. गावचे नारायणभट तो विधी करणार होते.

"मी म्हनलं, नुसत्या काड्या कशा जाळू?" आबाजी म्हणाले. "त्या आगीले काय समजन का हा माया माणिक हाये? तोंड नको का त्याले?"

शेजारी बसलेले नारायणभट वैतागून म्हणाले, "आबाजी, शास्त्राला तोंडाची गरज नाही, हे मी शंभरदा सांगितलं."

"शास्त्राले नसन. मले हाये. तोंड जुयलं तरच आग देईन, नाई तं नाई." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "पटकीत माणसाले तहान लागते म्हन्तात. वरीस झालं. पोरगं तहानलेलं हाये."

म्हणजे माझा चेहरा जाळायला हवा होता. मला क्षणभर स्वतःचंच वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात आतून माणिकची बायको, सुभद्रा, पाण्याचा गुंड घेऊन दारात आली. विशीची असेल. कपाळावर कुंकू होतं, रुपयाएवढं ठसठशीत. तिने गुंड ठेवला, पळसाच्या जुड्यांकडे पाहिलं आणि आत गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अग्नी दिला की ते कुंकू पुसलं जाणार. मी चेहरा जुळवला नाही, तर आग नाही. जुळवला, तर तिचं कुंकू माझ्या हाताने गेलं.

मी तिथून पळून यायचा विचार केला हे कबूल करतो. पण इकडे यायला गाडी सहजी मिळत नाही, हे वर सांगितलंच आहे.

तिथली काळी माती मूर्तीच्या कामाची नाही. वाळली की टराटरा फुटते. गावच्या कुंभाराकडून पेढी नदीच्या गाळाची माती आणली. तडे जाऊ नयेत म्हणून मातीत पिंजलेला कापूस मळतात. या दिवसांत कापूस मागायचा म्हणजे जिभेवर येईना. आबाजींनी पोतंच उघडून दिलं. "घ्या लागन तेवढा. याच्यापायीच गेला ना थो."

पहिला चेहरा दोन दिवसांत उभा राहिला. नाक आबाजींसारखं, कपाळ त्यांच्या सांगण्यावरून. आबाजींनी बराच वेळ पाहिलं.

"हा कोनीबी असू शकते," ते म्हणाले.

मी मोडला. नाक कसं होतं विचारलं की ते म्हणायचे, नाकासारखं. डोळे? डोळ्यांसारखे. आणि लगेच गोष्ट सांगायला लागायचे. लहानपणी ताकाचं मडकं फोडून मांजरावर कसं ढकललं. लग्नात व्याह्याची पगडी कशी लपवली. शेजारपाजारचे येऊन बसायचे, तेही गोष्टीच सांगायचे. मला माप हवं होतं आणि सगळे मला गोष्टी देत होते. मी चिडलो, कंपास आपटला. आणि तेव्हाच, आबाजी माणिकचं वाक्य बोलून दाखवत असताना, मी पाहिलं. डावी भुवई वर. खालचा ओठ पुढे. तेच, जे दौलतच्या तोंडावर बाळापूरच्या वाटेवर पाहिलं होतं.

मी शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणालो, तुम्ही सांगा बरं एखादी. त्याने सांगितली. माणिकचं बोलणं आलं की त्याचाही ओठ पुढे! कुंभारीण आली, तिला विचारलं. तिचाही. त्यांना कुणालाच ठाऊक नव्हतं. गोष्ट सांगताना माणिक त्यांच्या तोंडावर येऊन जात होता. मग मी त्यांचे शब्द ऐकणं सोडलं आणि तोंडं पाहायला लागलो. हसताना गालाला खळी कुठे पडते, खोटं बोलताना हनुवटी किती वर जाते. प्रत्येकाकडून एकेक चिमूट उचलत गेलो.

सुभद्रा एकही गोष्ट सांगत नव्हती. ती फक्त पाणी आणायची. वऱ्हाडच्या त्या उन्हात माती घटकेत कोरडी पडते. दर थोड्या वेळाने शिंपडावं लागतं, ओलं फडकं गुंडाळून ठेवावं लागतं. रिकामा गुंड ती न बोलता उचलायची, भरून आणायची, आणि दाराआड उभी राहायची.

चौथ्या दिवशी एक म्हातारी ओसरीवरून जाता जाता थबकली. मातीकडे बघून म्हणाली, "आला का रे बापू?" आणि लगेच तिने पदर तोंडात कोंबला.

जुळला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, घटकाभर, हे लपवत नाही. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. मग दाराआड उभ्या सुभद्रेकडे माझं लक्ष गेलं आणि मी मातीवर ओलं फडकं टाकलं.

पाचव्या दिवशी नारायणभट अंगणात देठ मोजून माणूस बांधायला बसले. हात झाले, पाय झाले. मानेची जागा मोकळी ठेवली होती. मी उगाच कानामागे, केसांत, जिथे काही करायचं नव्हतं तिथे कोरणी फिरवत होतो. आबाजी माझ्याजवळ येऊन बसले.

"तुमी दौलतच्या गाडीनं आले म्हन्ता. त्यानं माणिकजवळ मडकं भरून ठेवलं होतं. सांगलं का तुमाले?"

माझी कोरणी थांबली. दाराआड बांगड्या वाजल्या.

"हो," मी म्हणालो. "काठोकाठ भरलेलं. गार पाण्याचं. निंबाच्या सावलीत ठेवलं होतं म्हणाले."

सावली आणि गार पाणी मी माझ्या पदरचं घातलं. आबाजींनी मान हलवली. दारातून सुभद्रा पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत होती. तिला माझं खोटं कळलं होतं, अशी माझी खात्री आहे.

सहावा दिवस, आखाजीच्या आदला. सकाळीच नारायणभट म्हणाले, "चला, तोंड आणा." मी फडकं सोडलं. आबाजी चेहऱ्यासमोर उभे राहिले आणि त्यांना पुढे हात करवेना. ओसरीवर पाच-सात माणसं होती.

सुभद्रा बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात तांब्या. चार माणसांत, परपुरुषासमोर, सासऱ्याशी बोलायला!

"मामाजी," ती म्हणाली, "तुमचा जीव त्याईच्या तहानेपायीच तुटते ना?"

"हो बाई."

"मंग पानी द्या. आग कायले देता?" तिने तांब्या पुढे केला. "मी इतले दिस पाहून राहिली. सकायी गुंड भरून ठेवते, सांजेले रिकामा. सारं पानी हे पेऊन राह्यले. जो पानी पेते त्याले कोनी जाळते का?"

नारायणभट म्हणाले, "पोरी, ती माती आहे."

"माती असन तं जाळून तरी कोनाले पावन?" ती म्हणाली. तांब्या तिने तसाच पुढे धरला होता.

आबाजींनी तांब्या घेतला. बोटं बुडवून त्यांनी मातीच्या ओठांवर पाणी लावलं. उन्हाने तापलेली माती, ओठांनी पाणी शोषून घेतलं. डाग पडला आणि गेला. म्हाताऱ्याने पुन्हा लावलं. पुन्हा गेलं. मग त्यांनी तांब्याच तोंडाला लावला, आजारी माणसाला लावतात तसा, एक हात मानेमागे धरून.

मी ओरडणार होतो. कच्च्या मातीला ओल चालते, धार नाही चालत. तो खालचा ओठ, ज्याच्यासाठी मी साऱ्या गावाची तोंडं धुंडाळली होती, तो आधी मऊ झाला, मग हनुवटीवर सरकला. तांब्या रिकामा झाला तेव्हा तिथे तोंड उरलं नव्हतं. मी जागचा हललो नाही. आयुष्यात मी एवढं एकच शहाणपण केलं असेल.

"पेला," आबाजी म्हणाले. "समदं पेला." आणि खाली बसून लहान मुलासारखे रडले. सुभद्रेने त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"हे शास्त्रात नाही, आबाजी," नारायणभट हळूच म्हणाले.

"नसन. खरी खबर येईन त्या दिशी पाहू. आता त्याले तहान नाई."

आखाजीला ओसरीवर पितरांच्या घागरी मांडल्या, चिंचवणी झाली, आंब्याचा रस झाला. माणिकच्या नावाची घागर नव्हती. पळसाचे देठ सुटे करून बांधावर टाकले होते. सुभद्रेने मला वाढलं तेव्हा मी वर पाहिलं नाही, पण तिने वाकताना कुंकू दिसलंच. चेहऱ्याची माती आबाजींनी स्वतः पाटीत भरून वावरात नेऊन टाकली. ठरलेली बिदागी त्यांनी दिली आणि मी घेतली, जरा ओशाळून.

परतीच्या वाटेबद्दल सांगण्यासारखं थोडंच. अकोल्यापर्यंत दुप्पट भाडं देऊन, कापसाच्या गाठींवर लोंबकळत आलो. मोर्णेकाठी दौलतला शोधून काढलं. मला पाहून तो उभा राहिला.

"मडक्याचं सांगलं तुमी?"

"ठेवलं होतं म्हणून सांगितलं. आणि आबाजींनी त्याला आपल्या हाताने पाणी पाजलं. प्याला तो."

मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि भाड्याचं न बोलता मला गाडीत घेतलं. त्या निंबापाशी भर दुपारी त्याने गाडी थांबवली. गाठींच्या मागून एक कोरं मडकं काढलं, अकोल्यालाच घेतलं असणार. विहिरीवरून काठोकाठ भरून आणून निंबाच्या बुंध्याशी ठेवलं, वर करवंटी ठेवली. मागून आलेला एक गाडीवान त्यातलं पाणी प्यायला. दौलतने पुन्हा भरून ठेवलं आणि मग आम्ही निघालो. तुम्ही त्या वाटेने गेलात तर पाहा, अजून असेल.

घरी आलो. वडील ओटीवर बसले होते. त्यांच्या पाया पडलो, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. त्यांना त्याचं कारण कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. मास्तरांनी काम दाखव म्हटलं. दाखवायला काही नव्हतं. साचा घेतला नव्हता, प्लास्टरचं पोतं तसंच परत आणलं होतं. पुन्हा करून पाहिला, पण हातांना आठवेना. कपाळ आलं, नाक आलं, तोंडाशी गाडी अडली. इतकं चांगलं काम आपल्या हातून झालं आणि त्याचं काहीच उरलं नाही, या विचाराने मी दोन दिवस धड जेवलो नाही.

तिसऱ्या दिवशी यशोदेने ताट सरकवून विचारलं, "अहो, पण जुळला होता का चेहरा?"

मी सांगायला लागलो. निंब, दौलत, ताकाचं मडकं, व्याह्याची पगडी, सगळं. बैल अडला की माणिक काय म्हणायचा तेही म्हणून दाखवलं. यशोदा हसली, आणि हसता हसता थांबून माझ्याकडे निरखून पाहायला लागली.

"हे काय हो," ती म्हणाली, "तुमचा खालचा ओठ असा पुढे कधीपासून यायला लागला?"